सरांची भिंगरी

"हाताला बसलेलं भांडं बदलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या हातात तर मुळीच द्यायचं नाही. कळलं का रे?"

थोरल्या सरांना, म्हणजे सरांच्या गुरूंना, जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज सरांच्या कानात तसाच होता. घशातली ती खरखर, शेवटी तो 'का रे'चा हेल. त्यांनी हे बजावलं तेव्हा सर बावीस वर्षांचे होते, त्यांना कोणी सर म्हणत नव्हतं, आणि थोरल्या सरांनी आपल्या खणातली एक जुनी भिंगरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली होती. कागदोपत्री तिचं नाव मॅग्नेटिक बीड. बोटाच्या पेराएवढा चुंबक, वर पांढऱ्या प्लास्टिकचं आवरण. फ्लास्कमध्ये टाकायची, खालचं यंत्र चालू करायचं, की ती तळाशी गरगर फिरते आणि आतलं सगळं ढवळून निघतं. म्हणून लॅबमध्ये सगळे तिला भिंगरीच म्हणत.

सरांची भिंगरी अडतीस वर्षं फिरत होती. तिचं पांढरेपण केव्हाच गेलं होतं. अंगभर चरे, आणि चऱ्यांत काळपट राखाडी रेघा. सर तिला नळाखाली नुसती विसळत, मऊ फडक्याने टिपत आणि चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवत. लॅबमधली काचेची भांडी धुणारे मामा तिथे तीस वर्षं होते. ते म्हणत, "साहेब, वहिनींनी दागिनासुद्धा एवढा जपला नसेल."

"दागिना हरवला तर दुसरा येतो, मामा," सर म्हणत. "हात कुठून आणू?"

सरांचं नाव ज्या कामामुळे झालं, ते काम त्या भिंगरीच्या फिरण्यातूनच निघालं होतं. दोन विशिष्ट रेणू एकमेकांना जोडायचे तर पॅलॅडियम नावाचा एक दुर्मिळ धातू लागतो. तो नसेल तर ते रेणू एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, असं सगळं जग धरून चाललं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी सरांनी ते धातूशिवाय जोडून दाखवले. पाण्यासारखा द्रव वीस मिनिटांत पिवळाधमक झाला, तेव्हा सर एकटेच होते आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे हसले होते. त्या कामावर पुढे चौदा जणांनी डॉक्टरेट मिळवली. बाहेरच्या काही लॅबमध्ये ती क्रिया जमली, काहींत जमली नाही. ज्यांना जमली नाही त्यांनी आपलाच हात कच्चा म्हणून गप्प बसणं पत्करलं.

आता शुक्रवारी सर निवृत्त होणार होते. दुपारी दोनला सोहळा, बाहेरचे पाहुणे, आणि भाषणांच्या शेवटी सरांनी सगळ्यांसमोर ती क्रिया स्वतःच्या हाताने शेवटची करून दाखवायची, असं संचालकांनी ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी सर सराव म्हणून टेबलाशी उभे राहिले, डबी उघडली आणि दचकले. आतली भिंगरी पांढरीशुभ्र होती.

"मामा! ही कुणाची?"

मामा याच क्षणाची वाट पाहत होते. हात पुसत धावतच आले. "तुमचीच हो साहेब! ओळखू येईना ना? म्हटलं, एवढी मोठी माणसं बघणार आणि आमच्या साहेबांची भिंगरी अशी कळकट? आम्लराजात उकळली, चांगली दोन तास. सोनं विरघळवतं ते, मळाची काय कथा!"

सरांच्या कपाळावर आठी आली आणि मामांचा चेहरा पाहून विरून गेली. "बरं केलंत," ते म्हणाले. "नवरीसारखी दिसतेय."

त्यांनी सगळं रोजच्यासारखं केलं. मोजून घेतलं, तापवलं, भिंगरी सोडली. वीस मिनिटं झाली, तीस झाली. द्रव पाण्यासारखाच राहिला. सरांना वाटलं, वजनात चूक झाली असेल. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा नवी बाटली फोडून केलं. संध्याकाळी पाचला तीन फ्लास्क रांगेत उभे होते, तिन्ही नितळ.

मंगळवारी त्यांनी लॅबचं दार आतून लावून घेतलं. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना जे शिकवलं तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लॅबमध्ये सगळ्यांच्या भिंगऱ्यांचा एक सामाईक पत्र्याचा डबा होता, साबणाने धुऊन टाकलेल्या, कळकटलेल्या. त्यातली एक घेतली. द्रव पिवळा झाला. मग नवं पाकीट फोडून कोरी भिंगरी घेतली. नितळ. मामांनी उकळलेली पुन्हा टाकली. नितळ.

सर स्टुलावर बसले. पुढचं त्यांना कळलं होतं, पण कळलेलं मनात शिरू द्यायला ते तयार नव्हते.

शेवटी दार उघडून त्यांनी हाक मारली, "मामा, परवाचं ते आम्लराज कुठे फेकलंत?"

"फेकतोय कशाला? मोरीत ओतू नका, तुम्हीच तर ओरडता. बाटलीत भरून ठेवलंय."

बाटलीतलं आम्ल किंचित तपकिरी दिसत होतं. शेजारच्या इमारतीत धातू मोजायचं यंत्र होतं. सर स्वतः बाटली घेऊन गेले आणि यंत्राशी शाळकरी मुलासारखे उभे राहिले. छापील कागद बाहेर आला. एकच ओळ कामाची होती. पॅलॅडियम.

परत आल्यावर त्यांनी कोऱ्या भिंगरीच्या फ्लास्कमध्ये त्या धातूच्या क्षाराचा कण टाकला, सुईच्या टोकावर मावेल एवढा. अठरा मिनिटांत द्रव पिवळाधमक झाला.

धातूशिवाय काहीच झालं नव्हतं. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. शोधाच्या आधी धातूची क्रिया याच भिंगरीने होत होती, आणि नंतरही सर दर वर्षी ती करत. नवीशी तुलना चोख व्हावी म्हणून. आणि तुलना चोख व्हावी म्हणूनच तीही त्याच भिंगरीने करत. धातू चऱ्यांमध्ये जाऊन बसत होता आणि पुढच्या फ्लास्कमध्ये कणाकणाने उतरत होता. पत्र्याच्या डब्यातल्या भिंगऱ्यांचंही तेच. साबणाने तो मळ निघणारा नव्हता. ज्या लॅब कळकट होत्या तिथे क्रिया जमली, आणि ज्यांनी भांडी निर्मळ ठेवली त्यांना जमली नाही.

मग त्यांना ती आठवली.

तेरा वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे संशोधनाला आली होती. सडपातळ, कमी बोलणारी. आल्या दिवशी तिने स्वतःचं टेबल तीनदा पुसलं. डब्यातली भिंगरी कधी घेतली नाही. दर प्रयोगाला पाकिटातली नवी काढायची. सरांनीच तिचं नाव घासूबाई ठेवलं होतं, सगळ्यांसमोर, हसत हसत. दोन वर्षं तिची क्रिया जमली नाही. एकसष्ट वेळा केली. प्रत्येक वेळची नोंद मोत्यासारख्या अक्षरात. शेवटी शेवटी ती एकदा सरांच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"सर, एकदा तुमची भिंगरी द्याल? एकदाच. बाकी सगळं बदलून पाहिलंय. आता फरक फक्त तेवढाच उरलाय."

आणि सर म्हणाले होते, "हत्यारं मागून काही होत नसतं, बाई. हात कमवावे लागतात." मागे बसलेली मुलं खिदळली होती.

तिच्या अहवालात सरांनी लिहिलं, 'प्रयोगाला लागणारा हात नाही. पुढे ठेवण्याची शिफारस करता येत नाही.' त्या दोन वाक्यांनी तिचं संशोधन संपलं. ती खऱ्या कारणापासून एक पाऊल अंतरावर येऊन उभी होती. त्यांनी डबी उघडून दिली असती तर त्या दुपारीच सगळं उलगडलं असतं. स्वच्छपणा हाच तिचा गुन्हा ठरला, आणि न्याय करायला बसले होते ते सर.

घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "अहो, बरं नाही का वाटत?" तेव्हा ते म्हणाले, "सोहळ्याची दगदग." रात्रभर ते कूस बदलत राहिले.

त्यांच्या बायकोचा एक नेम होता. पहाटे उठल्यापासून जप पूर्ण होईपर्यंत ती कुणाशी एक शब्द बोलत नसे. लेक लहान असताना तापाने फणफणली होती, तेव्हा धरलेलं हे व्रत तिने सत्तावीस वर्षं एक दिवस मोडलं नव्हतं. दूधवाला आला तर बोटांनी सांगे, फोन वाजला तर वाजू देई.

बुधवारी पहाटे ती चटईवर माळ घेऊन बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. भिंगरी, आम्ल, कागदावरची ती ओळ, ती मुलगी. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. तिचे डोळे मिटलेले होते. 'हे सगळं खोटं होतं' या वाक्यापाशी तिचा अंगठा मण्यावर थांबला. बराच वेळ थांबला. मग मणी पुढे सरकला, त्याच्यापुढचा सरकला.

जप संपला. तिने माळ पिशवीत ठेवली, चटई गुंडाळली, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. सर दारात उभे. तिने त्यांच्याकडे न पाहता विचारलं,

"मी बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच ही वेळ निवडलीत ना?"

सरांना खोटं बोलता आलं नाही. "हो."

"अडतीस वर्षांत एक गोष्ट मला सांगायची वेळ आली, तर तीसुद्धा माझं तोंड बंद असताना." तिने साखरेचा डबा उघडला आणि तसाच ठेवला. "माझे बाबा गेले. तुम्ही तिसऱ्या दिवशी पोचलात. मी भावांना सांगितलं, ह्यांचं फार मोठं काम चाललंय. लेकीला गोवर आला, मी एकटी. शेजारणी विचारायच्या, साहेब दिसत नाहीत? मी म्हणायची, लॅबमध्ये आहेत. अशी मान ताठ करून म्हणायची हो! आता सांगा, कोणाच्या नावाने सोसलं मी हे सगळं? भिंगरीवरच्या मळाच्या?"

चहा उतू गेला. दोघांपैकी कोणी गॅस बंद केला नाही. शेवटी तिनेच केला.

"ते कण टाकले तर होतं म्हणालात?"

"काय?"

"पिवळं. होतं ना?"

"होतं, पण..."

"मग टाका. शुक्रवार निभवून न्या. लेक पुढच्या रांगेत बसणार आहे. तीन आठवडे झाले ती भाषण लिहितेय. नंतर काय सांगायचं ते जगाला सांगा, पण त्या दिवशी नको. माझ्यासमोर नको."

एवढ्या वर्षांत तिने चिल्लर खोटंही कधी खपवून घेतलं नव्हतं. आपण हिच्यावर ही पाळी आणली, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

त्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी क्षाराची एक पुडी बांधली. चिमटीत लपेल एवढी. कोटाच्या खिशात ठेवली. आपण हे करतोय हे त्यांना दिसत होतं, आणि हात थांबत नव्हते.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको देवापाशी बसली होती. दिवा लावलेला, पण हात मांडीवर तसेच.

"सकाळचं माझं बोलणं सोडून द्या," ती हळूच म्हणाली. "आत्ता माळ घेतली, तर मणी पुढे सरकेना. ज्या तोंडाने नाव घ्यायचं त्याच तोंडाने तुम्हाला लबाडी शिकवली. मला भीती वाटली हो. एवढं सगळं आयुष्य एका सकाळी काढून घेतलंत, काहीतरी धरून ठेवावंसं वाटलं."

"मग काय करू मी?"

"मला काय कळतंय तुमच्यातलं? एवढंच सांगते. त्या पोरीला पत्र टाकून मोकळे होऊ नका. पत्राला कुणी उलट बोलू शकत नाही. समोर जा. तिला जे बोलायचंय ते ऐकून घ्या."

सरांनी मान हलवली. पण पुडी खिशातून काढून टाकायला त्यांचा हात झाला नाही.

गुरुवारी त्यांनी मामांना विचारलं. ती कुठे असते हे मामांना ठाऊक होतं. मामांना सगळ्यांचंच सगळं ठाऊक असे. "बाजारात त्या मोठ्या रंगाच्या दुकानात. रंग कालवून देते. माझ्या घराचा तिनेच दिला. चार महिन्यांनी एक डबा कमी पडला, परत गेलो, तर छटेत केसाचा फरक नाही. का हो साहेब?" आणि सरांनी कारण सांगितल्यावर मामांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "म्हणजे मी घासली म्हणून..."

"तुम्ही घासलीत म्हणून कळलं, मामा."

"नसती घासली तर बरं झालं असतं."

"हो," सर म्हणाले. "मलाही कालपासून तेच वाटतंय. म्हणून तर तिला भेटायचंय."

त्यांनी दुकानात फोन लावला.

"रंगाचं दुकान, बोला."

तोच आवाज, फक्त जरा जाड झालेला. मागे डबे हलवायचं यंत्र खडखडत होतं.

"हॅलो? कुठला रंग हवाय? नंबर माहीत आहे का?"

"मी... लॅबमधून बोलतोय."

खडखडाट थांबला. तिनेच यंत्र बंद केलं असावं.

"सर?"

"हो."

"बोला. आतली भिंत की बाहेरची?"

"मला तुला काही सांगायचंय. समोर येऊन."

"माझ्या हाताबद्दल असेल तर राहू द्या. तो अहवाल पाठ आहे मला." ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "इथे माझ्या हाताला नावं ठेवत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, अगदी तस्साच रंग आला."

"तुझ्या हाताबद्दलच आहे. चूक माझी होती. ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

कोणीतरी काउंटरवर किल्ली आपटून हाक मारत होतं. मग ती म्हणाली, "मालक चार ते साडेचार घरी जातात. तेवढाच वेळ आहे."

"उद्या चारला येतो."

"उद्या तर तुमचा सोहळा. मामा परवा आले होते, सांगत होते."

"तो दोनला आहे. मी येतो."

"सर, तुमच्या दारात मी दोन वर्षं उभी राहिलेय. आज बघतो, उद्या बघतो, सगळं ऐकलंय. चार म्हणजे चार. जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, मला राग यायचा नाही. पण येतो म्हणून सांगून मला दाराकडे बघत बसवू नका. मी आता कुणासाठी दाराकडे बघत नाही."

"चार म्हणजे चार," सर म्हणाले. "शब्द देतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी कागद घेतला आणि ज्या नियतकालिकात ते काम छापून आलं होतं त्याच्या संपादकांना पत्र लिहिलं. काम मागे घ्यावं, कारण सोबत जोडलं आहे. एकसष्ट प्रयोगांच्या नोंदी कोणाच्या, तेही लिहिलं. एक प्रत संचालकांसाठी काढली, एक स्वतःजवळ ठेवली. एवढं करूनही खिशातली पुडी तिथेच होती. पत्र टपालात पडेपर्यंत ते फाडता येतं, हे त्यांचं मन त्यांना सारखं सांगत होतं.

शुक्रवारी सभागृहात फुलांचा आणि फर्निचरच्या पॉलिशचा वास होता. लेकीने दारातच त्यांना गाठलं.

"बाबा, टाय! केमिस्ट्रीतला एवढा मोठा माणूस आणि गाठ ही अशी? हलू नका." गाठ सारखी करताना तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "रडायचं नाही हं. आधीच सांगून ठेवते. तुम्ही रडलात तर मी वाचूच शकणार नाही."

ती छान बोलली. "बाबांच्या शर्टाला लॅबचा वास यायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्या बाबांना असाच येतो. मैत्रिणीच्या घरी गेले, तिच्या बाबांना वास नाही. मी आईला विचारलं, ते खरे बाबा नाहीत का?" सभागृह हसलं. सर हसले नाहीत. "ते आम्हाला कमी मिळाले. पण ज्या कामासाठी ते कमी मिळाले, ते काम खरं होतं. म्हणून आमची तक्रार नाही."

बायको पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

संचालक चाळीस मिनिटं बोलले. तीन वाजून पाच मिनिटांनी सर टेबलाशी गेले. पाकीट फोडून त्यांनी कोरी भिंगरी काढली आणि फ्लास्कमध्ये सोडली. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. भिंगरी गरगरत होती. द्रव नितळ होता. दहा मिनिटांनी संचालक कानाशी कुजबुजले, "सर, किती वेळ लागतो साधारण?" सरांचा उजवा हात खिशात होता. बोलता बोलता, कोणाच्या नजरेत न येता फ्लास्कमध्ये काही सोडणं हे त्यांच्या हाताला सहज जमणारं काम होतं. पुडीची कड बोटांना लागत होती. समोर लेक मोबाइल धरून उभी होती, तो पिवळा रंग टिपायला.

तीन वाजून पंचवीस. दारात मामा उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

सरांनी हात बाहेर काढला आणि पुडी टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"हा द्रव पिवळा होणार नाही," ते म्हणाले. "या पुडीत पॅलॅडियम आहे. ही टाकली तर होईल. एकोणीस वर्षं माझ्या जुन्या भिंगरीतून हेच फ्लास्कमध्ये उतरत होतं. धातूशिवाय ही क्रिया होत नाही. कधीच झाली नाही. मला हे या सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. पण एक मुलगी ते ओळखायच्या बेतात होती, अकरा वर्षांपूर्वी. तिने माझ्याकडे भिंगरी मागितली. मी दिली नाही. तिला हात नाही असं लिहून मी तिला घालवलं. तिचे एकसष्ट प्रयोग बरोबर होते. माझे सगळे चूक."

मग संचालक उठले, एक क्षण गोंधळले, आणि टाळ्या वाजवू लागले.

"बघा! असे शास्त्रज्ञ आता कुठे राहिलेत? निवृत्तीच्या दिवशीसुद्धा स्वतःच्या कामावर शंका घेण्याचं धैर्य! किती हा विनय!"

आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. लोक उभे राहिले. एक जुने सहकारी डोळे पुसत होते. सरांनी दोन्ही हात वर केले, "नाही, ऐका, शंका नाही, हे खरं आहे," पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. आयुष्यात त्यांच्यासाठी एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या.

त्यांनी पत्राची प्रत संचालकांच्या हातात दिली. संचालकांनी ती न वाचता पुष्पगुच्छाखाली सरकवली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, दमलात तुम्ही. निवृत्तीला असं होतं. माझ्या सासऱ्यांचंही झालं होतं. बघू आपण सावकाश, घाई काय आहे? चला, चहा, मग ग्रुप फोटो."

लेक गर्दीतून त्यांच्यापर्यंत आली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती नव्हती.

"बाबा. खरं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मग मी आत्ता वाचलं ते? काम खरं होतं म्हणून तक्रार नाही म्हटलं मी. आता काय म्हणू?"

"तक्रार कर," सर म्हणाले. "घरी आल्यावर. मी ऐकेन."

ती वळली आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. आईने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. दोघींपैकी कोणीही सरांकडे पाहिलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून छत्तीस झाले होते. फोटोवाला खुर्च्यांची रांग लावत होता, "सर मध्ये! सर, मधल्या खुर्चीत या!" म्हणून ओरडत होता. ज्या मुलीला ते घालवून बसले होते ती आणखी चोवीस मिनिटांनी काउंटरमागे एकटी असणार होती, आणि दाराकडे बघणार नव्हती.

सर खुर्च्यांच्या रांगेमागून सरकले. पहिल्या रांगेशी वाट अरुंद होती. बायकोने वर न पाहता आपली पर्स पायाशी ओढून घेतली आणि गुडघे बाजूला केले, ते जातील एवढी जागा केली. सरांना क्षणभर थांबावंसं वाटलं. थांबले नाहीत.

मागच्या दाराने ते जिना उतरले. तिला दाखवायची पत्राची दुसरी प्रत कोटाच्या आतल्या खिशात आहे ना, हे त्यांनी चाचपून पाहिलं, आणि संपादकांचं पत्र फाटकापाशीच्या टपालपेटीत टाकलं. फाटकाबाहेर बसथांब्यावर दोन बायका आणि एक पोस्टमन उभे होते.

"बाजाराची गेली का हो?" सरांनी विचारलं.

"आत्ताच गेली," पोस्टमन म्हणाला. "आता वीस मिनिटं नाही."

सरांनी टाय सैल केला आणि फुटपाथच्या कडेने बाजाराच्या दिशेला चालू लागले, जरा भराभर.